झाकण उघडायची चकती

खोकं कधी सपाट पडत नाही. पाहणाऱ्याला वाटतं पडेल, पण ते हवेत वळतं आणि कोपऱ्यावर येतं.

साबणाला घाम येतो.

दवाखान्याच्या खुर्चीत तोंड उघडं ठेवून बसलेल्या माणसाला विचारलेले प्रश्न: सुट्टीत कुठे गेला होता? मुलगा आता मोठा झाला असेल? दुखतंय?

आत्याचं म्हणणं असं, की पाहुणा जेवण विसरतो, नवरीचे कपडे विसरतो, भाषणं तर ऐकतच नाही. पण घरी जाऊन पिशवी उघडतो, आणि तिच्यातून काय निघालं ते मरेपर्यंत विसरत नाही.

एका घराच्या बोळात एका खोलीचं दार बाहेरच्या बाजूला उघडतं. बांधणाऱ्याची चूक. सगळ्यांना माहीत आहे, बदललं कुणीच नाही.

रबर पडतं, पण पडून राहत नाही.

आता हे सगळं एकाच मुलीच्या अंगावर कसं आलं, ते सांगायला हवं.

*

ती वस्तू पाडायची. तिची नोकरीच ती. गावाबाहेरच्या कारखान्यात एक तपासणीची खोली होती, तिथे खोक्यात नीट बांधलेल्या वस्तू उंचावरून खाली सोडायच्या. आधी कंबरेच्या उंचीवरून, मग छातीच्या, मग डोक्याच्या. मग खोकं उघडायचं आणि आत काय शिल्लक आहे ते बघायचं. घरात या कामाची फार चेष्टा व्हायची. बाबा आल्यागेल्याला सांगायचे, आमची मुलगी लहानपणी कपबश्या पाडायची तर धपाटे खायची, आता पगार खाते.

त्या खोलीचा एक नियम होता. वस्तू पास झाली तर एक खूण करायची आणि पुढची घ्यायची. नापास झाली तर कारण लिहायचं. कुठे तडा गेला, कुठून गळलं, कुठला सांधा सुटला. "पटलं नाही" हे कारण चालत नाही. पासाला कारण लागत नाही, नापासाला लागतं. हा नियम तिच्या इतका अंगात मुरला होता, की दुकानात चप्पल परत करतानाही ती बंद कुठे उसवलाय ते बोट ठेवून दाखवायची.

आणि नेमकं इथेच घोडं अडलं.

कारण लग्न ठरलं होतं ते दातांच्या डॉक्टरशी, आणि डॉक्टरमध्ये तडा नव्हता. घरात सगळे त्याला डॉक्टरच म्हणत, तीही. माणूस सरळ. आवाज चढत नसे, वेळ चुकत नसे, आईशी बोलताना उठून उभा राही. शितावरून भाताची परीक्षा करायची तर आत्याने शितं काय, अख्खं पातेलं तपासलं होतं. होकार गेला. आणि होकार गेल्याच्या दुसऱ्या सकाळी ती बेसिनपाशी दात घासत उभी असताना तिला कळलं, की नको.

नको, एवढंच. पुढे कारणाची जागा कोरी.

एक गोष्ट होती, पण ती कारण म्हणून लिहिण्यासारखी नव्हती. डॉक्टरची एक सवय होती. आयुष्य गेलं ते तोंड उघडं असलेल्या माणसांशी बोलण्यात, त्यामुळे तो प्रश्न विचारायचा आणि उत्तरही स्वतःच द्यायचा. भूक लागली? लागली. चालत जाऊ? जाऊ. प्रेमाने विचारायचा, आणि बऱ्याचदा उत्तर बरोबरही असायचं. तसाच एकदा म्हणाला, "लग्नानंतर दवाखान्यात बसशील? बसशील. खोकी पाडण्यापेक्षा बरं." हे तो फोनवर म्हणाला, आणि ती तोंड उघडेपर्यंत पुढच्या विषयावर गेला. संध्याकाळपर्यंत ती दवाखान्यात बसणार हे आत्याच्या मैत्रिणींपर्यंत पोहोचलं होतं.

*

घरात प्रत्येकाने एकेक काम वाटून घेतलं. आत्या बाबांची थोरली बहीण, शेजारच्या गल्लीत राहणारी. तिने स्वतःकडे सगळ्यांवर लक्ष ठेवण्याचं काम घेतलं. आईकडे कपडे आले, बाबांकडे गाड्या. पाहुण्यांना जाताना द्यायची वस्तू मात्र नवरीकडेच आली. तपासनीस घरातच असताना बाहेर कशाला जायचं, असं आत्या म्हणाली.

तिला ते काम फुटकळ वाटलं होतं. बाजारात एक भेटवाला होता, लग्नांच्या भेटवस्तू करून देणारा. त्याच्या लांबट, अरुंद दुकानात पहिल्या दिवशी गेल्यावर मात्र तिला त्या कामाचं खरं वजन कळलं.

आत्याने त्याच्याशी आधीच बोलून ठेवलं होतं. सगळं एकसारखं दिसलं पाहिजे. म्हणून ठसा एकदाच कापायचा. दोघांची नावं, तारीख, आणि तोच ठसा वस्तूवर, पत्रिकेवर, पाकिटांवर, खोक्यांच्या पट्टीवर, दारातल्या पाटीवर. वस्तू चौकोनी असेल तर नावं ओळीत येणार, गोल असेल तर गोलाकार. म्हणून आधी वस्तू, मग ठसा, मग पत्रिका.

"एकदा कापला की बदल नाही हां, ताई," भेटवाला म्हणाला. "ठसा म्हणजे ठसा."

ती दुकानात उभी राहिली आणि तिने मनात मागून पुढे मोजत आणलं. पत्रिका नाहीत, तर लग्न कुणाला कळलेलं नाही. ठसा नाही, तर पत्रिका नाहीत. वस्तू नाही, तर ठसा नाही. सगळ्या लग्नाची खुंटी तिच्या हातात देऊन आत्या शेजारी उभी होती आणि शोभेच्या मेणबत्त्यांचा वास घेत होती.

*

नमुना: सुगंधी साबण, फुलाच्या आकाराचा.
पडण्याची उंची: कंबर. काही झालं नाही.
पण कागदात बांधून खिडकीत ठेवला तर दुपारपर्यंत कागद ओला. पाहुण्यांच्या पिशवीत चष्मा असतो, औषधं असतात. नापास.

नमुना: मेणबत्ती, काचेच्या वाटीत.
बाबांच्या गाडीत उन्हात ठेवली. संध्याकाळी ती नमस्कार करत होती. नापास.

नमुना: बोटभर रोप, कुंडीसकट.
आईने प्रेमाने पाणी घातलं. त्यानेच गेलं. नापास.

नमुना: किल्ल्यांची साखळी.
घरातले सगळे खण उघडून आत्तापर्यंत लोकांनी दिलेल्या साखळ्या ओट्यावर काढल्या. एवढा ढीग झाला की पोळपाट ठेवायला जागा उरली नाही. नापास.

*

आता गंमत अशी, की तिला वाटलं होतं घरचे वैतागतील. वैतागले असते तर भांडण झालं असतं, आणि भांडणात तोंडून जे निघायचं ते निघालं असतं. पण घरचे खूश झाले. आई शेजारणीला सांगू लागली, पाहुण्यांचा एवढा विचार करणारी नवरी बघितली नाही. आत्या फोनवर एकेका नापासाची गोष्ट रंगवून सांगायची, मेणबत्तीच्या नमस्काराची तर दोनदा. डॉक्टरच्या घरूनही निरोप आला, की सून चोखंदळ आहे, घर नीट सांभाळेल.

नकार द्यावा आणि त्याचाच हार गळ्यात पडावा, असं चाललं होतं. रोज ती एक "नाही" उच्चारायची, रोज तिचं कौतुक व्हायचं, आणि जो एक "नाही" म्हणायचा होता तो तसाच जिभेखाली.

एका दुपारी ती ठरवून डॉक्टरच्या दवाखान्यात गेली. बरोबर नमुन्यांची पिशवी होती, कारण पिशवीशिवाय जायचं काही निमित्त नव्हतं. एक रोगी गेला होता, दुसरा यायचा होता. बसायला मोठ्या खुर्चीशिवाय जागा नव्हती, म्हणून ती तिच्यात बसली, आणि डॉक्टरने सवयीने दिवा ओढला.

"आ कर."

तिने केला. आरसा तोंडात गेला, थंडगार.

"पाहुण्यांचं ठरलं? नाही ठरलं. असू दे, घाई काय आहे. दमलीस? दमलीस. डाव्या बाजूची दाढ दाबून धरतेस तू झोपेत. धरतेस."

आरसा बाहेर आला तशी ती म्हणाली, "मला तुझ्याशी बोलायचंय."

"कुठे बसायचं त्याबद्दल ना?" त्याचा चेहरा एकदम उजळला. "चल, दाखवतो."

खिडकीपाशी नवी खुर्ची होती. पाठीला उशी, हाताला गाद्या, आणि वरचं प्लास्टिक अजून काढलं नव्हतं. इथे सकाळचा उजेड येतो, तो म्हणाला, आणि समोर रस्ता दिसतो, म्हणजे कंटाळा येणार नाही. ही खुर्ची निवडायला त्याने तीन रविवार घालवले होते, हेही त्याने लाजत सांगितलं. ती बसली. प्लास्टिक करकरलं. रस्त्यावर एक माणूस सायकलची हवा तपासत होता, आणि ती त्याच्याकडे बघत राहिली. दुसरा रोगी आला.

निघताना डॉक्टर दारापर्यंत आला. "आवडली?" तो म्हणाला. "आवडली."

*

मग तिने हात दाखवून अवलक्षण केलं.

आत्या आता थोडी कुरकुरायला लागली होती. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, असं ती हसत म्हणाली, पण ती हसत म्हणते तेव्हाच सांभाळायचं असतं. तेव्हा एकदाच काय तो वेळ काढावा म्हणून, ती आत्याला घेऊन भेटवाल्याकडे गेली आणि असं काही मागितलं की जे जगात नाही.

पडून फुटू नये. उन्हात वितळू नये. पाणी लागून बिघडू नये. वजन रुमालाएवढं. प्रत्येक घरात रोज लागावं, आणि तरी कुणाच्याही घरात आधीपासून असू नये. लहान मुलाने चघळलं तरी चालावं, आणि म्हाताऱ्या माणसाला त्याचा उपयोग सगळ्यांत जास्त व्हावा.

हे बोलताना तिला बरं वाटत होतं. दुसरा कुणी असता तर हात जोडून म्हणाला असता, की ताई, दुसरं दुकान बघा. पण या भेटवाल्याला एकेका नापासाने आतून खाऊन टाकलं होतं. लोकांनी आजवर त्याला किती आणि केवढ्याला एवढंच विचारलं होतं. पाहुणा ही वस्तू घरी नेऊन काय करेल, हे विचारणारी ती पहिलीच. त्याने मान हलवली, आणि चष्मा काढून पुसत बसला.

पुढच्या आठवड्यात तो स्वतः घरी आला.

त्याने स्वयंपाकघराच्या ओट्यावर एक रबराची चकती ठेवली. तळहाताएवढी, पातळ, राखाडी. कडेने उठावाची अक्षरं होती. नमुना म्हणून त्याने आपल्याच दुकानाचं नाव घातलं होतं.

"हे काय, भांड्याच्या बुडाखाली ठेवायचं?" आत्याने विचारलं.

"झाकण उघडायचं," तो म्हणाला. "माझ्या आईची मनगटं गेलीत. बरणी उघडायला दिवसभर माझी वाट बघत बसते. तिला हे कापून दिलं, आता ती शेजाऱ्यांच्या बरण्या उघडून देते." मग अक्षरांवरून अंगठा फिरवत म्हणाला, "नुसती गुळगुळीत चकती घसरते. अक्षरांमुळे धरते. नावं जितकी उठावाची, तितकी पकड चांगली."

आईने फडताळातून मधाची बरणी काढली. तिच्या झाकणापुढे बाबांनी दोन महिन्यांपूर्वी हात टेकले होते. आईने चकती ठेवली, हात फिरवला. टप, आणि झाकण सुटलं. आई स्वतःच्या हाताकडे बघत राहिली, जणू तो दुसऱ्याचा आहे.

मग तपासणी झाली. सगळे भोवती उभे होते. तिने चकती उकळत्या पाण्यात टाकली, बर्फाच्या कप्प्यात ठेवली, स्टुलावर चढून डोक्याच्या वरून सोडली. ती टुणकन उसळून बाबांच्या पायाशी गेली. बाबांनी दोन्ही बाजूंनी धरून ओढली, दातात धरूनही ओढली. तेल लावलं, तेल धुतलं. काही झालं नाही.

"बोला, तपासनीसबाई," आत्या म्हणाली. "पास की नापास?"

तिने चकती नाकाशी नेली. रबराला वास येतो. निदान यायला हवा. भेटवाला तिच्याकडे अशा नजरेने बघत होता, की जणू निकाल त्याचा लागायचाय. चकतीला साबणाचा मंद वास होता, त्याने धुऊन आणली होती. वास येतो म्हणाली असती तर सगळ्यांनी मान डोलावली असती. तेवढंच पुरलं असतं, निदान आणखी एक आठवडा. पण खोटं कारण तिने आजवर लिहिलेलं नव्हतं. एवढ्या चांगल्या वस्तूवर तर नाहीच.

"पास," ती म्हणाली.

भेटवाल्याने डोळे पुसले. आत्याने त्याच क्षणी फोन उचलला.

*

त्यानंतर तिला काही करावं लागलं नाही. पाण्यात सोडलेल्या होडीत नुसतं बसायचं, तसं. ठसा कापला गेला. नावं गोलाकार आली, तिचं वरून, डॉक्टरचं खालून, मध्ये तारीख. पत्रिका गेल्या. लोकांचे फोन आले. ज्यांना ती ओळखत नव्हती तेही आनंदले. कारखान्यात तिने राजीनामा दिला की तो आपोआप दिला गेला, हेही तिला नीट सांगता आलं नसतं. तिच्या जागी आलेल्या मुलीला तिने खोकी कशी सोडायची ते दाखवलं. दोन्ही हातांनी धर, म्हणाली, आणि सोडताना ढकलू नकोस. नुसतं सोड.

मग एका रविवारी दुपारी भेटवाल्याची गाडी आली.

ती तिच्या खोलीत कपाट आवरत होती. बाहेर बोळात पावलं, आत्याचा आवाज, इकडे लावा, भिंतीला लावा, त्याच्यावर ठेवा. खोक्यांमागून खोकी येत होती. तिने पाणी प्यायला म्हणून दार लोटलं, तर ते बोटभर सरकलं आणि अडलं. पुन्हा लोटलं. बाहेरून गच्च.

तिने फटीला डोळा लावला. बोळ छतापर्यंत भरला होता. प्रत्येक खोक्यावर पट्टी, प्रत्येक पट्टीवर दोन नावं, वर्तुळात एकमेकांच्या शेपट्या धरून. तिचं नाव तिला इतक्या वेळा एकदम कधी दिसलं नव्हतं. हाक मारायला हवी होती, पण ती नावंच मोजत राहिली. कोंडून पडल्यासारखं तिला बरेच दिवस वाटत होतं. आज दाराने ते कबूल केलं, म्हणून जरा हलकंही वाटलं.

आई आणि आत्या खाली गाडीपाशी गेल्या होत्या. जिन्यावर पावलं वाजली, ती डॉक्टरची. तो मदतीला आला होता, बाह्या दुमडून, खांद्यावर खोकं घेऊन.

"आत आहेस?" त्याला फटीतला डोळा दिसला. तो हसला. "आहेस. अगं, तुला कोंडलं की यांनी. थांब."

त्याने खांद्यावरचं खोकं खाली ठेवलं आणि वरचं पहिलं उचललं. तिने ओठ फटीजवळ आणले. तोंडात काही नव्हतं. ना आरसा, ना दिवा. दाराच्या लाकडाचा तेलकट वास येत होता.

"मला हे लग्न नको आहे," ती म्हणाली.

शब्द स्पष्ट आले. तिला स्वतःला ऐकू आले. डॉक्टर हातात खोकं घेऊन थांबला. त्याच्या हातांची बोटं पट्टीवर होती, तिच्या नावावर. तो खोक्याकडे बघत होता, दाराकडे नाही.

"घाबरलीस?" तो म्हणाला.

या वेळी प्रश्न आणि उत्तर यांच्या मध्ये नेहमीपेक्षा मोठी जागा राहिली. तिच्या ते लक्षात आलं. त्या जागेत एक शब्द मावला असता. नाही, घाबरले नाही, नको आहे. आणि तिने तोंड उघडलंही. पण नियम जागा झाला, कारण विचारलं तर काय लिहायचं, आणि ती कारण शोधत राहिली. तडा कुठे, गळती कुठून. जागा मिटली.

"घाबरलीस," डॉक्टर हळूच म्हणाला. "सगळ्यांना वाटतं असं."

मग त्याने खोकी हलवायला सुरुवात केली. एकेक उचलून पलीकडे ठेवत होता, कोपरा आपटू न देता, फार काळजीपूर्वक. तिला दिसलं की त्याचे कान लाल झाले आहेत. शेवटचं खोकं सरकलं तसं त्याने दार ओढून पूर्ण उघडलं, आणि धरून उभा राहिला.

"झालीस मोकळी?" तो म्हणाला. "झालीस."

ती बोळात आली. खोक्यांच्या मधून एका माणसापुरती वाट होती, आणि तिच्या टोकाला आत्या दम खात उभी होती, हातात शेवटचं खोकं, मागे आई.

"अगं धर, धर," आत्या म्हणाली, "पडेल माझ्या हातून."

"पडू दे, आत्या," ती म्हणाली. "त्याला काही होत नाही."

आणि तिने ते दोन्ही हातांनी धरलं.

*

पहिल्या भेटीत, दोघांना गच्चीवर सोडून सगळे खाली गेले होते तेव्हा, डॉक्टरने विचारलं होतं, "तुला हे हवंय का?", आणि ती "हो" म्हणेपर्यंत तो गप्प राहिला होता.